तीनशे फुटांची कबुली

(तृतीय वर्ष विज्ञान)

यंदाच्या अंकासाठी कोणता विषय घेतलास, असे संपादक मंडळातल्या मित्राने विचारले. मी ‘छोट्या विमानाचा ऑटोपायलट’ असे सांगितल्यावर तो मनापासून हसला. त्याचे हसणे चुकीचे म्हणता येणार नाही. आपल्या निपाणीला साधे आगगाडीचे स्टेशन नाही. आपले गाव तंबाखूचे, विडीचे आणि दोन राज्यांच्या एस.टी. गाड्यांचे. विमान म्हणजे संध्याकाळी आकाशात पांढरी रेघ ओढत जाणारे काहीतरी. लहानपणी त्याला हात हलवायचा, मोठेपणी तेवढेही करायचे नाही.

पण वाचकहो, जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आपल्या उत्तरेला सुमारे चाळीस किलोमीटरवर कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ आहे. दक्षिणेला तवंदीचा घाट उतरून गेले की बेळगावचा सांबरा. वैमानिक घडवणाऱ्या नव्या शाळा काढण्यासाठी २०२१ साली सरकारने देशातले पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव आणि कलबुर्गी ही आपल्या राज्यातली दोन नावे होती. ३० मे २०२३ रोजी सांबऱ्याजवळच्या एका शेतात शिकाऊ विमान तातडीने उतरवावे लागले. आतले दोघेही वाचले, शेतकऱ्यांनी गर्दी केली, वर्तमानपत्रांत फोटो आले. म्हणजे विमान आता फक्त डोक्यावरून जाणारी वस्तू राहिलेली नाही. आपल्यातलीच मुले ते चालवायला शिकत आहेत.

अशाच एका मुलामुळे हा लेख लिहावासा वाटला. तो माझा बारावीपर्यंतचा वर्गमित्र. त्याचे नाव आणि त्याच्या शाळेचे नाव सांगत नाही, कारण तसा त्याला शब्द दिला आहे. वैमानिक होण्याचा खर्च आज अर्ध्या कोटीच्या घरात जातो. त्याच्या वडिलांनी वेदगंगेकाठचे दीड एकर विकले आणि उरलेले बँकेकडून काढले. गेल्या दिवाळीत तो गावी आला, तेव्हा हायवेच्या कडेला चहाच्या गाड्यावर आम्ही बसलो होतो. बोलता बोलता त्याने सहज सांगितले, की एकदा एकटाच लांबच्या फेरीवर असताना त्याने ऑटोपायलटला साडेचार हजार फूट उंची धरायला सांगितली आणि तो नकाशा पाहू लागला. मान वर केली तेव्हा काटा चार हजार दोनशेवर होता. कसला आवाज नाही, दिवा नाही, धक्का नाही. तीनशे फूट गुपचूप गेले होते. त्याने विमान हाताने वर घेतले, बटण पुन्हा दाबले, आणि पुढची फेरी सुरळीत पार पडली.

“सरांना सांगितलेस?” मी विचारले.

“वेडा आहेस काय?” तो म्हणाला, “बापाने जमीन विकलीय माझ्यासाठी.”

त्या उत्तराने मी गप्प झालो. त्यानंतर मिळेल ते वाचले, आणि आज माझे मत बनले आहे की त्या दिवशी विमानात जे बिघडले त्याहून चहाच्या गाड्यावर तो जे बोलला ते अधिक धोक्याचे होते. हे मत पटवायचे तर आधी ऑटोपायलट म्हणजे काय हे थोडे सांगितले पाहिजे.

आपण सगळ्यांनी भोवरा फिरवला आहे. वेगाने फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही, जमीन तिरकी केली तरी तो आपल्याच ताठ्यात उभा राहतो. यंत्रशास्त्रात यालाच जायरोस्कोप म्हणतात. विमान ढगात शिरले की वैमानिकाला वर-खाली कळेनासे होते. कानातले तोल सांभाळणारे द्रव त्याला फसवतात. अशा वेळी भोवरा मात्र क्षितिज कुठे आहे ते सांगत राहतो. १९१४ साली पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या एकवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने अशाच भोवऱ्यांना विमानाची सुकाणे जोडून दाखवली. त्याने दोन्ही हात वर केले, त्याचा मदतनीस पंखावर चालत गेला, आणि विमान सरळ उडत राहिले. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑटोपायलटचा जन्म असा टाळ्यांत झाला. तो जन्माला घालणारा स्पेरी पुढे १९२३ साली इंग्लिश खाडीवरून एकटा उडताना बुडून मेला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता उंचीचे पाहू. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर पाऱ्याचा जो वायुभारमापक टांगलेला आहे, त्याचाच दूरचा भाऊ म्हणजे विमानातला आल्टिमीटर. तो उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो. दाब कमी म्हणजे उंची जास्त, एवढेच त्याला ठाऊक. खालच्या थरांत एक मिलिबार दाब म्हणजे साधारण सत्तावीस ते तीस फूट. त्या दिवशीचा हवामानाचा दाब वैमानिकाने दहा मिलिबार चुकीचा लावला, तर काटा जवळजवळ तीनशे फूट खोटे सांगतो, आणि ऑटोपायलट त्या खोट्याला निष्ठेने धरून बसतो. काही छोट्या विमानांत तर ऑटोपायलटला हा दाब वेगळा द्यावा लागतो. वैमानिकाने समोरच्या काट्यावर नवा दाब लावला आणि दुसरीकडे लावायचा विसरला, की माणूस एका उंचीवर आहे असे समजतो आणि यंत्र दुसऱ्या.

छोट्या खासगी विमानात आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला सर्वांत भयंकर वाटते. बऱ्याच जुन्या विमानांतले भोवरे इंजिनावर चालणाऱ्या एका हवेच्या पंपाने फिरतात. तो पंप बंद पडला तर भोवरा काही लगेच थांबत नाही. पोराने सोडलेला भोवरा मरायच्या आधी कसा हळूहळू डुलायला लागतो, तसा तोही डुलू लागतो. पडद्यावरचे क्षितिज जरासे कलते. त्या भोवऱ्यावर विसंबणारा ऑटोपायलट समजतो की विमान कलले, आणि ‘सरळ’ करायला म्हणून तो खरोखरच विमान कलवतो. बाहेर ढग, आत शांतता. सगळे ठीक आहे असे सांगणारे यंत्रच ठीक नसते. अशा वेळी एकच उपाय असतो: शेजारची दुसरी उपकरणे पाहायची, कोण खोटे बोलतो ते ठरवायचे, आणि ऑटोपायलट तोडून हाताने उडवायचे. तो उपायसुद्धा शिकवलेला आणि सरावातला असला तरच सुचतो.

या खोट्या क्षितिजाची आपल्याकडची आठवण फार दुःखद आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान वांद्र्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. ते छोटे विमान नव्हते आणि त्यात दोष ऑटोपायलटचाही नव्हता. पण आपल्याकडच्या चौकशीत निघालेला निष्कर्ष असा, की कॅप्टनसमोरचे क्षितिज दाखवणारे उपकरण बिघडले होते, आणि खालच्या काळ्या समुद्रावर खरे क्षितिज दिसत नसल्यामुळे त्यांनी त्या खोट्यावर विश्वास ठेवला. खरे सांगणारी उपकरणे त्याच कॉकपिटमध्ये होती.

दुसरा प्रकार यंत्राशी होणाऱ्या झोंबाझोंबीचा. विमानाच्या शेपटीला एक छोटी पट्टी असते, तिला ट्रिम म्हणतात. बैलगाडीचे ओझे पुढेमागे सरकवून जू हलके करावे, तसे तिचे काम. ऑटोपायलट नाक वर ठेवायचा प्रयत्न करत असतो आणि वैमानिक, ऑटोपायलट चालू आहे हे विसरून, हाताने दांडा पुढे ढकलतो. यंत्राला वाटते कोणीतरी विरोध करते आहे, म्हणून ते ट्रिमला अधिकाधिक वर पळवते. शेवटी एक तर यंत्र हरते, नाहीतर माणूस. आणि यंत्र हरून अचानक सुटले तर तोवर साठलेला सगळा ताण एकाच क्षणी माणसाच्या मनगटावर येतो. १९९४ साली जपानमध्ये नागोया येथे असेच एक मोठे विमान पडून २६४ लोक मेले. छोट्या विमानात मृतांचा आकडा दोन किंवा चार असतो, म्हणून ती बातमी आतल्या पानावर जाते. धडा मात्र तोच असतो. त्यासाठी शहाणे शिक्षक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी विचारतात, ऑटोपायलट तोडायचे लाल बटण कुठे आहे, आणि ते चालले नाही तर त्याचा फ्यूज कुठे आहे? डोळे मिटून हात तिथे गेला पाहिजे.

काही वेळा यंत्रात काहीच बिघाड नसतो. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेत पेन स्टुअर्ट हा नामांकित गोल्फपटू एका छोट्या लिअरजेट विमानातून ऑर्लँडोहून डॅलसला निघाला होता. केबिनमधला हवेचा दाब गेला आणि दोन वैमानिकांसह सहाही जण बेशुद्ध झाले. नियंत्रकाने त्यांना ३९ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते. विमान तेथे थांबले नाही, ते चढतच गेले आणि जवळजवळ ४९ हजार फुटांपर्यंत पोहोचले. तासन् तास ऑटोपायलट निष्प्राण माणसांना घेऊन वायव्येकडे सरळ उडत राहिला. लष्करी विमाने शेजारून गेली तेव्हा त्यांना काचांवर बर्फ साचलेले दिसले. इंधन संपल्यावर ते दक्षिण डकोटातल्या एका कुरणात पडले. ऑटोपायलट नावाच्या नोकराची सगळी थोरवी आणि सगळी मर्यादा मला या एका घटनेत दिसते. मालक जिवंत आहे की नाही, हे तो विचारत नाही.

आता आपल्या राज्याकडे येतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरच्या जुन्या विमानतळावर उतरताना इंडियन एअरलाइन्सचे नवेकोरे एअरबस ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर आपटले. १४६ पैकी ९२ जण गेले. इंजिने मंदावलेलीच राहिली, विमान खाली खाली येत गेले, आणि ते कळेपर्यंत वेळ निघून गेली. असे का झाले याचा सर्वांत संभाव्य खुलासा असा दिला गेला, की मिनिटाला सातशे फूट या गतीने खाली यायचे म्हणून वैमानिकाला एक बटण फिरवायचे होते, आणि त्याने शेजारचे, उंची ठरवण्याचे बटण फिरवून सातशे फूट लावले. बंगळूरची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे २९०० फूट उंच आहे! यंत्राला सांगितले गेले, जमिनीच्या दोन हजार फूट खाली जा. यंत्राने ‘साहेब, तिथे तर जमीन आहे’ असे म्हटले नाही. सांगितले तिकडे ते निघाले. दोन बटणे शेजारी शेजारी, आकडा एकच, अर्थ दोन.

हे वाचताना मला आपल्या बाजारातला गोंधळ आठवला. आपण मराठीत ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी, वीस नंतर. आपले कन्नड मित्र ‘इप्पत्तैदु’ म्हणतात, त्यात वीस आधी आणि पाच नंतर. घाईत ऐकणाऱ्याच्या डोक्यात पंचवीसचे बावन्न व्हायला वेळ लागत नाही. तंबाखूच्या वखारीत वजने सांगताना म्हणूनच जाणता हमाल आकडा दोनदा म्हणतो आणि समोरच्याकडून वदवून घेतो. विमानाच्या जगातही हाच नियम आहे. नियंत्रकाने उंची सांगितली की वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची, आणि आकडे सुटे सुटे उच्चारायचे. आपल्या हमालाला हे कोणी शिकवले नव्हते.

पण आकडा नीट म्हणून दाखवला तरी तो पाळला जाईलच असे नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचे जंबो विमान वर चढत होते, त्याला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते. समोरून कझाकस्तानचे मालवाहू बनावटीचे विमान उतरत होते, त्याला १५ हजारांवर थांबायचे होते. मधे हजार फूट अंतर, म्हणजे पुरेसे. कझाक विमान पंधरा हजारांवर थांबले नाही. हरियाणात चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. एकही वाचला नाही. आकाशात झालेल्या टकरींत याहून मोठी टक्कर आजवर झालेली नाही. त्या विमानातल्या लोकांना इंग्रजी जेमतेम येत होते. ते फुटांत नव्हे तर मीटरमध्ये विचार करणाऱ्या परंपरेतले होते. नियंत्रकाशी बोलणाऱ्या माणसापुढे स्वतःचा उंचीचा काटासुद्धा नव्हता, तो दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावून पाहत असे. आणि दिल्लीच्या नियंत्रकाला त्या वेळच्या रडारवर विमाने दिसत होती, पण त्यांची उंची दिसत नव्हती. तो आकड्यांवर विश्वास ठेवून बसला होता.

या अपघातानंतर आपल्याकडे मोठ्या विमानांत टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले आणि उंची दाखवणारी रडारे आली. पुढे २००३ च्या नोव्हेंबरपासून २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांतले उभे अंतर दोन हजारांवरून एक हजार फुटांवर आणले गेले, कारण उपकरणे तेवढी अचूक झाली होती. या पट्ट्यात उंची धरणारा ऑटोपायलट असल्याशिवाय प्रवेशच नाही, आणि तीनशे फुटांची चूक ही तेथे गंभीर मानून नोंदवायची असते. साधा हिशेब करा. वरचे विमान तीनशे फूट खाली घसरले, खालचे तीनशे फूट वर गेले, तर हजारातले उरले चारशे. माझ्या मित्राच्या साडेचार हजार फुटांवर तो पट्टा नव्हता, तेथे गर्दीही नव्हती. पण छोट्या शिकाऊ विमानांत टक्कर टाळणारे यंत्र बहुधा नसते, आणि शाळेच्या आसपास त्याच्यासारखे आणखी चौघे त्याच आकाशात शिकत असतात.

आता मूळ मुद्द्याकडे. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान उतरताना वेळेआधीच खालच्या उंचीवर आले आणि डोंगरावर आदळले. त्यात ९२ माणसे गेली. नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक लावला, नियंत्रकाच्या मनात दुसरा होता. चौकशीत असे निघाले, की त्याच जागी, त्याच गैरसमजातून, दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान तितकेच खाली आले होते आणि थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते प्रामाणिकपणे सांगितले, कंपनीने आपल्या माणसांना सावध केले. पण ही गोष्ट भिंतीपलीकडच्या दुसऱ्या कंपनीला कळलीच नाही. ती कळली असती तर ९२ माणसे घरी गेली असती.

यातून १९७६ साली तेथे एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिकाने, नियंत्रकाने किंवा मेकॅनिकने आपल्या हातून झालेली चूक स्वतः लिहून कळवायची. ती कागदपत्रे परवाने देणाऱ्या आणि शिक्षा करणाऱ्या खात्याकडे जात नाहीत, नासा या अवकाश संशोधन करणाऱ्या संस्थेकडे जातात. तेथे नाव-गाव काढून टाकले जाते आणि उरलेली हकीकत सगळ्यांना वाचायला खुली होते. चूक जाणूनबुजून केलेली नसेल, तीत गुन्हा किंवा अपघात नसेल, आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर दंड माफ होतो. लाखो माणसांनी आजवर असे लिहिले आहे. त्यात ऑटोपायलटने उंची धरली नाही, किंवा धरायला सांगायचेच राहून गेले, अशा छोट्या विमानवाल्यांच्या हकीकती ढिगाने सापडतात. एकेक वाचली तर क्षुल्लक वाटते. ढीग पाहिला की अमुक बनावटीचे अमुक बटण माणसाला फसवते, हे उजेडात येते. आपल्या देशातही स्वेच्छेने कळवण्याची सोय कागदावर आहे. पण कागद आणि मन यांच्यात अंतर असते. अर्धा कोटी कर्ज डोक्यावर असलेला विशीतला पोरगा तो कागद भरील काय?

येथे मला आमच्याच घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षाला आम्ही लंबकाचा प्रयोग केला आणि गुरुत्वत्वरण काढले. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाचे उत्तर ९८० आले. का आले, हे माझ्या वाचकांना सांगायला नको. उत्तर आधी लिहायचे आणि रीडिंगे मागून बसवायची, ही कला सीनिअर मुलांकडून ज्युनिअरांना वारशाने मिळते. माझे खरे उत्तर ९६० आले होते. मीही ते खोडून ९७९ केले. (अगदी ९८० केले तर संशय येईल, एवढी अक्कल मला होती.) पुढे वर्षभराने कळले, की मी दोऱ्याची लांबी लंबकाच्या गोळीच्या मध्यापर्यंत मोजायची ती वरच्या कडेपर्यंत मोजली होती. पन्नास सेंटिमीटरमध्ये एक सेंटिमीटर कमी. मी ९६० तसेच ठेवले असते तर सरांनी विचारले असते, चूक तेव्हाच सापडली असती, आणि कदाचित आणखी दहा जणांची सापडली असती. पूर्ण गुणांसाठी मी ती चूक वर्षभर जतन केली.

माझ्या मित्राने चार हजार दोनशेचे साडेचार हजार केले, मी ९६० चे ९७९ केले. फरक इतकाच, की माझा लंबक कोणाच्या डोक्यावर पडणार नव्हता.

यावर काही प्राध्यापकांशी माझा वाद झाला. त्यांचे म्हणणे, शिक्षेची भीती गेली की बेफिकिरी वाढेल. त्यांचा अनुभव मोठा आहे, पण हे मला पटत नाही. नशा करून उडवणारा, किंवा तपासणी न करताच तपासली असे लिहिणारा माणूस वेगळा. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण उंची ढळली हे ज्याच्या लक्षात आले, तोच तर जागा माणूस. ज्याच्या लक्षातच आले नाही तो काय कबूल करणार? भीतीचा सगळा भार नेमका जागा असणाऱ्यावर पडतो आणि झोपलेला सुटतो, ही कसली शिस्त? दुसरे असे, की भीतीने चुका कमी होतात हे मी कुठे पाहिले नाही. कमी होते ते चुकांबद्दलचे बोलणे.

आणखी एक मत मांडतो, ते काहींना जुनाट वाटेल. छोट्या विमानांच्या शाळांत आता टी.व्ही.सारखे पडदे आणि चांगले ऑटोपायलट येत आहेत, याचा आनंद आहे. परंतु पहिले पुष्कळ तास मुलाने हाताने उडवावे, आणि नंतर ऑटोपायलट शिकवताना शिक्षकाने तो मुद्दाम बिघडवून दाखवावा. १९३२ साली जे.आर.डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते एकट्याने, हाताने. त्यांच्या पुस मॉथमध्ये उंची धरणारे कोणी नव्हते. तो काळ परत आणा असे माझे म्हणणे नाही, कारण त्या काळात वैमानिक मरतही पुष्कळ. थकलेल्या, एकट्या वैमानिकाला ढगात ऑटोपायलट जीवदान देतो, हे निर्विवाद आहे. पण मदतनीस काय करतो आहे हे ज्याला स्वतः करता येते, त्यालाच मदतनिसाची चूक पकडता येते. शेताचा मालक कधी कुळव धरलाच नसेल, तर गडी कसा कुळवतो हे त्याला काय कळणार!

असो. मित्राची गोष्ट अर्धीच राहिली.

दिवाळीनंतर तो परत गेला. मी त्याला वरच्या दोन-तीन हकीकती लिहून पाठवल्या, त्याने उत्तर दिले नाही. मला वाटले रागावला. संक्रांतीच्या सुमारास त्याचा फोन आला. त्याने शेवटी आपल्या शिक्षकांना सांगितले होते. ते आधी चांगलेच रागावले, पण तीनशे फुटांबद्दल नाही. दोन महिने गप्प का बसलास, यासाठी. मग त्यांनी त्या विमानावर शिकणाऱ्या सगळ्या मुलांना एका खोलीत बसवले आणि विचारले. आणखी दोघांनी हात वर केला. एकाचे दोनशे फूट गेले होते, एकाला आता आठवत नव्हते किती. तिघांनीही आपापल्या जागी हेच समजले होते, की चूक आपलीच असणार.

मेकॅनिकने पत्रा उघडला. शेपटीकडची सुकाणू पट्टी ओढणारी जी छोटी मोटार असते, तिच्यात मोटारसायकलसारखा एक क्लच असतो, म्हणजे वेळ पडली तर माणसाला यंत्रावर जोर करून मात करता यावी. तो क्लच ढिला होऊन घसरत होता. यंत्र ‘वर ने’ म्हणत होते आणि पट्टी पुरती हलत नव्हती. भाग मागवायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस विमान जमिनीवर उभे राहिले आणि मित्राचे उड्डाणाचे तास मागे पडले. त्याबद्दल फोनवर त्याने मलाच दोन शिव्या घातल्या.